शाळेची श्रेणी ठरवायची पद्धत बदलली, चुका त्याच राहिल्या: या टाळा

२०१५ च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला आणि प्राथमिक शाळा २५ निकषांवर 'प्रगत' ठरू लागल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीहून शाळासिद्धी ही देशभरासाठीची शाळा-मूल्यांकनाची पद्धत आली. तिच्यात ७ क्षेत्रं, ४६ गाभा मानकं (म्हणजे तपासायचे मुद्दे) आणि प्रत्येक मानकाला ३ स्तर. मग एससीईआरटीचा, म्हणजे राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचा, शाळा गुणवत्ता मूल्यांकन व आश्वासन आराखडा आला, ज्याला सगळे 'स्क्वाफ' म्हणतात. त्यात १२८ मानकं आणि प्रत्येकाला ४ स्तर. दहा वर्षांत शाळांना जोखायच्या तीन चौकटी झाल्या. पोर्टलं बदलली, तालुक्यातले साहेब बदलले, बरेचसे मुख्याध्यापक निवृत्तही झाले. फॉर्म भरताना आणि निकाल वाचताना होणाऱ्या चुका मात्र जशाच्या तशा पुढे आल्या आहेत.

मी शाळासिद्धीच्या बाह्यमूल्यांकनाला निर्धारक (बाहेरून येऊन तपासणारा) म्हणून जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळांत गेलो आहे. आजही शिक्षण परिषदेत या विषयावर बोलायला बोलावलं तर जातो. तिथे दर वेळी पहिला प्रश्न एकच असतो, 'सर, या मानकाला किती टाकू?' नव्याने मुख्याध्यापकाचा प्रभार घेतलेल्या तरुण शिक्षकांकडून तर हमखास. त्यांना उत्तर लगेच हवं असतं, शाळेभोवती एक फेरी मारायला वेळ नसतो. हे लिखाण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, आणि थोडं तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कार्यालयात बसून या श्रेण्यांचे तक्ते करणाऱ्यांसाठीही.

आधी स्तर ठरवायचा, मग पुरावा शोधायचा

या चुकीने सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून हिच्यावर सविस्तर लिहितो.

खरा क्रम सोपा आहे. मानक वाचायचं, त्याखालची सगळ्या स्तरांची वर्णनं वाचायची, उठून प्रत्यक्ष बघायचं आणि जे वर्णन आपल्या शाळेला लागू पडतं तो स्तर नोंदवायचा. होतं ते वेगळंच. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप पडतो, 'आपल्या केंद्रातील एकही शाळा मागे राहता कामा नये.' त्याचा अर्थ सगळ्यांना नेमका कळतो. आधी वरचा स्तर टाकला जातो आणि नंतर त्याला शोभेल असा फोटो काढला जातो. फोटोपुरता बोळा फिरवून फळा लख्ख होतो, पुस्तकं पेटीतून बाहेर येऊन दोरीवर लटकतात, हँडवॉश स्टेशनवर साबणाची नवी वडी दिसते. संध्याकाळी सगळं परत कपाटात.

त्याहून वाईट म्हणजे 'भरलेला नमुना'. कुणीतरी आपला पूर्ण भरलेला फॉर्म ग्रुपवर टाकतो आणि रात्रीतून तो केंद्रभर होतो.

एका केंद्रात मी बाह्यमूल्यांकनाला जाणार होतो. जाण्याआधी सगळ्या शाळांची स्वयंमूल्यांकनं वाचून काढायची हा माझा नेम. पहिल्या शाळेने लिहिलं होतं, 'शालेय परिसरात विहिरीलगत परसबाग असून तिच्यातील भाजीपाल्याचा पोषण आहारात वापर होतो.' छान वाटलं. दुसऱ्या शाळेच्या फॉर्मवरही तेच वाक्य. तिसऱ्याच्याही, अगदी 'भाजीपाला'मधली ऱ्हस्व-दीर्घाची चूकही तीच. त्यातली एक शाळा डोंगरावरच्या वाडीतली. मार्च उजाडला की त्या वाडीला टँकरने पाणी. तिथे पोचल्यावर मी मुख्याध्यापकांना विचारलं, 'सर, विहीर कुठे आहे?' ते खाली बघत म्हणाले, 'सर, ते नमुन्यात होतं.' ती विहीर पुढे सापडली, पण तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला. तिथल्या गुरुजींनी आपला फॉर्म मन लावून स्वतः लिहिला होता आणि कुणीतरी मागितला म्हणून भल्या मनाने पाठवला होता.

नक्कल पकडली गेली एवढ्यावर हे सोडून देता येत नाही. डोंगरावरच्या त्या शाळेच्या फॉर्मवर पिण्याच्या पाण्याला स्तर ३ होता आणि स्वच्छतागृहालाही स्तर ३. म्हणजे कागदावर त्या शाळेला बारा महिने पाणी होतं. वर्गात बसलो तेव्हा दिसलं की जेवणाच्या सुट्टीनंतर वरच्या वर्गातल्या मुली परत आलेल्या नाहीत. स्वच्छतागृहात पाणी नाही म्हणून त्या घरी जात आणि घर लांब असल्यामुळे दुपारी परतत नसत. त्या शाळेला टाकी द्यावी असं तालुक्यात कुणाला वाटायला हवं होतं तर त्यासाठीचा एकमेव कागद तोच फॉर्म होता, आणि त्यावर सगळं भरपूर होतं.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. त्या शाळेतली मुलं घरी पावरी ही आदिवासी बोली बोलायची. तिथल्या तरुण शिक्षिकेने मुलांकडून पावरी शब्द गोळा करून चित्रांसकट भिंतीवर लावले होते आणि पहिलीतली मुलं त्या शब्दांवरून मराठी शब्दांकडे येत होती. अध्ययन-अध्यापनाच्या क्षेत्रात लिहायला याहून चांगलं काय असतं? पण ते फॉर्मवर कुठेच नव्हतं, कारण नमुन्यात नव्हतं. उसन्या विहिरीपायी शाळेची गरजही बुडाली आणि शाळेची खरी कमाईही.

याच्या उलट एक शाळा सांगतो. तिथल्या बाईंनी पाण्याला स्वतःहून स्तर १ दिला होता आणि सुधारणेच्या रकान्यात लिहिलं होतं, 'नळजोड आहे, होळीनंतर पाणी येत नाही, टाकी हवी.' बैठकीत त्यांना सगळ्यांसमोर विचारलं गेलं की तुमच्याच शाळेचा स्तर कमी का. त्या शांतपणे म्हणाल्या, 'कमी आहे म्हणून.' त्यांनी तोच कागद शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवला, ठराव केला, ग्रामपंचायतीत नेला. टाकी आली. स्तर १ लिहिण्याचं धैर्य नसतं तर मागणीला आधार कशाचा देणार होत्या?

माझी सवय सांगतो. पोर्टल उघडायच्या आधी एक साधी वही घ्या. पानावर दोन रकाने करा: 'काय आहे' आणि 'कुठे दिसेल'. पेन्सिलने लिहा, कारण खोडावं लागणार आहे. मी शाळेत गेलो की आधी हात धुण्याच्या नळाकडे जातो, मग स्वच्छतागृहाकडे, मग स्वयंपाकाच्या खोलीत, मग वर्गात. कार्यालय शेवटी. कार्यालयात आधी गेलं की चहा येतो, फाइली येतात आणि तास निघून जातो. वाचनालय बघताना देवघेव रजिस्टर मी नंतर मागतो. आधी एखाद्या मुलाला विचारतो, 'शेवटचं कुठलं पुस्तक घरी नेलंस? काय होतं त्यात?' वर्षभराच्या नोंदी एकाच पेनाने केल्या असतील तर ते रजिस्टर वर्षभर लिहिलेलं नसतं. पुस्तकांची पानं मळलेली, कोपरे दुमडलेले असतील तर मला रजिस्टर बघावंही लागत नाही.

वहीचे दोन्ही रकाने भरले की स्तर आपोआप समोर येतो. 'किती टाकू' हा प्रश्न मग पडतच नाही.

जुने आणि नवे आकडे शेजारी मांडणं

पद्धत बदलली की पहिल्या वर्षी ही चूक राज्यपातळीपासून वाडीपर्यंत सगळे करतात.

सगळ्यात ठळक उदाहरण केंद्र सरकारच्या पीजीआयचं, म्हणजे राज्यांच्या शालेय शिक्षणाच्या कामगिरी निर्देशांकाचं. २०२०-२१ च्या अहवालात महाराष्ट्राला १००० पैकी ९२८ गुण होते. केरळ, पंजाब आणि आपण बरोबरीत, वरून दुसऱ्या स्तरात. २०२१-२२ च्या अहवालात आपले गुण ५८३ च्या आसपास आणि जागा सातव्या स्तरात. 'महाराष्ट्राची घसरण' असे मथळे झाले आणि शिक्षकांना चार शब्द ऐकावे लागले.

पण त्या मधल्या वर्षात मोजायची रीतच बदलली होती. पीजीआय २.० आला होता. जुन्या निर्देशांकात प्रशासकीय कामकाजाला १००० पैकी ३६० गुण होते, नव्यात १३० राहिले. अध्ययन निष्पत्तीचे, म्हणजे मुलं काय शिकली याचे, १८० होते ते २४० झाले. शिक्षक शिक्षण व प्रशिक्षणाचं १०० गुणांचं वेगळं क्षेत्र आलं. जिथे राज्यं आधी सहज गुण मिळवत होती ती जागाच आकसली. नव्या मोजणीत पहिल्या पाच स्तरांत देशातलं एकही राज्य नव्हतं. सगळ्यात वर चंडीगड आणि पंजाब होते, तेही सहाव्या स्तरात. शिवाय निष्पत्तीचे आकडे १२ नोव्हेंबर २०२१ च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणातले. त्या दिवशी तिसरीच्या मुलांनीही ती चाचणी दिली, आणि आपल्या ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग नियमित सुरू झाले ते १ डिसेंबर २०२१ ला. म्हणजे करोनाच्या दीड वर्षानंतर, शाळा उघडायच्या आत घेतलेली ती चाचणी. ९२८ आणि ५८३ यांची वजाबाकी करून काहीच हाती लागत नाही.

याचा अर्थ ५८३ खोटे आहेत असा मुळीच नाही. माझ्या मते नवी मोजणी जास्त खरी आहे, कारण तिच्यात मूल काय शिकलं याचं वजन वाढलं आणि कार्यालयांनी कागद किती नीट हलवले याचं घटलं. अडचण एवढीच की घसरण झाली की नाही हे त्या दोन आकड्यांवरून सांगता येत नाही.

शाळेच्या पातळीवर हेच वेगळ्या रूपात दिसतं. 'शाळासिद्धीत आम्हाला १३८ पैकी १२० होते, स्क्वाफमध्ये त्या हिशेबाने किती यायला हवेत?' असं विचारतात, आणि काही हुशार मंडळी त्रैराशिक मांडून ५१२ पैकी आकडा काढूनही देतात. तीन पायऱ्यांच्या वर्णनात मधली पायरी असते, चार पायऱ्यांत ती नसतेच. पूर्वी शंका असली की स्तर २ लिहून सुटका व्हायची. आता २ की ३ हे ठरवावंच लागतं, म्हणजे थोडं कमी की थोडं जास्त हे तोंडाने बोलावं लागतं. ही सोय मुद्दाम काढली आहे असंच धरून चाला. मानकंही ४६ ची १२८ झाली, तेव्हा जे पूर्वी विचारलंच जात नव्हतं ते आता विचारलं जातं. गुण कमी दिसले तर शाळा बिघडली असं नाही, प्रश्न वाढले.

उपाय म्हणून नव्या पद्धतीचं पहिलं वर्ष हे पायाभूत वर्ष माना आणि मागच्या तक्त्याखाली ठळक रेघ ओढा. तुलना सुरू होईल ती दुसऱ्या वर्षापासून. समितीतल्या पालकांनाही तसंच सांगा, नाहीतर गावात 'शाळा खाली गेली' हे वाक्य फिरतं आणि पुढच्या जूनला पटावर त्याचा परिणाम दिसतो.

आणि काही नोंदी कुठल्याही श्रेणीच्या बाहेर, स्वतःच्या वहीत सलग ठेवा: महिन्याची सरासरी उपस्थिती, तिसरीतली किती मुलं गोष्ट वाचून सांगतात, पाचवीतल्या किती जणांना भागाकार येतो, मधेच किती मुलं गाव सोडून गेली. चौकट दर काही वर्षांनी बदलणार, कारण सरकारं आणि धोरणं बदलतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने राज्य शाळा मानक प्राधिकरण सांगितलं, त्यातून हा नवा आराखडा आला, उद्या आणखी काही येईल. या चार ओळी दहा वर्षं तशाच वाचता येतात. ज्या मुख्याध्यापकांकडे अशी वही आहे त्यांना पद्धत बदलल्याचा धक्का बसलेला मी पाहिला नाही.

सगळ्या मानकांची नुसती बेरीज

शाळासिद्धीच्या ४६ मानकांत पहिलं क्षेत्र होतं शाळेच्या सामर्थ्यस्रोतांचं: परिसर, मैदान, वर्गखोल्या, वीज, ग्रंथालय, प्रयोगशाळा, संगणक, रॅम्प, स्वयंपाकाची खोली आणि भांडी, पिण्याचं पाणी, हात धुण्याची सोय, स्वच्छतागृहं. ही १२ मानकं. विद्यार्थ्यांची प्रगती, संपादणूक आणि विकास या क्षेत्रात ५. सरळ बेरीज केली की १३८ पैकी ३६ गुण वस्तूंचे आणि १५ मुलांच्या प्रगतीचे. 'आम्ही कशालाच वेगळं वजन दिलं नाही' असं म्हणणाऱ्याने प्रत्यक्षात वस्तूंना दुपटीहून जास्त वजन दिलेलं असतं.

रॅम्प नको असं माझं म्हणणं नाही. चाकाच्या खुर्चीतल्या मुलासाठी रॅम्प म्हणजेच शाळा. पण लोकवर्गणीतून रंगरंगोटी, एलईडी टीव्ही, बोलक्या भिंती झाल्या आणि एकूण गुण वर गेले की वाचता न येणारी मुलं त्या बेरजेत दिसेनाशी होतात. म्हणून एकूण बेरीज फलकावर लावू नका. क्षेत्रनिहाय मांडा. मी निकालपत्र हातात घेतलं की आधी मुलांच्या प्रगतीचं क्षेत्र वाचतो, मग उपस्थिती, आणि ती ठीक असेल तरच बाकीचं. चौकट आखणाऱ्यांना सांगणं असं की मुलांच्या प्रगतीत खालच्या स्तरावर असलेल्या शाळेला बाकी कशाच्याही बळावर वरची श्रेणी मिळता कामा नये. एवढा एक नियम घातला तरी रंगाचे डबे मागे पडतील आणि गोष्टीची पुस्तकं पुढे येतील.

छोट्या शाळेत टक्केवारी लावणं

२०२३ मध्ये राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या सुमारे १५ हजार शाळा होत्या. तिसरीत ४ मुलं असतील आणि त्यातलं एक दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलं की १०० टक्क्यांचे ७५ होतात. शिक्षक तोच, शिकवणं तेच. पुढच्या वर्षी तिथे दोनच मुलं असतात आणि दोघंही चुणचुणीत निघतात, तर शाळा 'आदर्श' होते. अशा शाळांना टक्क्यांवरून शाबासकी देऊ नये आणि रागावूही नये. तीन वर्षांचं एकत्र बघा, आणि त्याआधी मुलांची नावं लिहा. चार नावांपुढे कोण काय वाचतं हे लिहिलेलं पान कुठल्याही आलेखापेक्षा जास्त सांगतं. पट कमी म्हणून शाळेचं भवितव्य ठरवायची चर्चा सुरू असताना तर या टक्केवारीवर कुणी निर्णय घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. अशा वाड्यांतल्या मुलांना दुसरी शाळा चालत जाण्याच्या अंतरावर नसते.

निकाल हाती आल्यावर सूत्राला हात लावणं

ही चूक शाळेची नाही, वरच्यांची. अमेरिकेत इंडियाना राज्यात तेव्हा शाळांना ए ते एफ अशा श्रेण्या देत. २०१२ मध्ये तिथल्या शिक्षणप्रमुखांनी, टोनी बेनेट यांनी, आधी वाखाणलेली एक शाळा 'सी'वर येतेय असं दिसल्यावर त्यांच्या खात्याने सूत्र बदललं आणि तिची श्रेणी 'ए' झाली. २०१३ च्या जुलैत त्यांचे ईमेल बाहेर आले. तोवर ते फ्लोरिडाचे शिक्षण आयुक्त झाले होते, तिथला राजीनामा त्यांना ऑगस्टमध्ये द्यावा लागला. बदल तांत्रिकदृष्ट्या योग्य होता की नाही यावर तिथे पुढे पुष्कळ चर्चा झाली. पण एका ओळखीच्या शाळेचा निकाल पाहिल्यावर तो केला हे कळल्यावर कुणाचाही त्या अक्षरांवर विश्वास उरला नाही.

आपल्याकडे याची छोटी आवृत्ती म्हणजे मुदत संपल्यावर 'दुरुस्तीसाठी' लिंक पुन्हा उघडणं आणि फोन करून ठरावीक शाळांना स्तर वाढवायला लावणं. स्तरांची वर्णनं, बेरजेची रीत आणि श्रेणीच्या सीमा वर्ष सुरू होतानाच जाहीर करा. चूक सापडली तर ती पुढच्या वर्षी, सगळ्यांसाठी दुरुस्त करा.

श्रेणीला बक्षीस किंवा शिक्षा बांधणं

'माझी शाळा, सुंदर शाळा' ही स्पर्धा आहे. राज्यस्तरावर पहिलं बक्षीस ५१ लाखांचं होतं. स्पर्धेत शाळा सजून येणारच. स्वयंमूल्यांकन हे स्पर्धेसारखं चालवलं की तेही सजून येतं. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात चाचणीच्या गुणांवर शाबासकी आणि नोकरी दोन्ही टांगली होती. २०११ च्या चौकशीत ४४ शाळांतल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांवर ठपका आला, मुलांच्या उत्तरपत्रिका खाडाखोड करून सुधारल्याचा. आपले शिक्षक जात्याच प्रामाणिक आहेत म्हणून इथे तसं होणार नाही, या भरवशावर पद्धत आखू नये. खरं लिहिणाऱ्याला बोलणी बसतात तिथे खरं लिहिलं जात नाही.

बाकीच्या, थोडक्यात

मुख्याध्यापकांनी एकट्याने, घरी बसून, रात्री फॉर्म भरणं. सगळे शिक्षक आणि समितीतले किमान दोन पालक बरोबर घ्या. समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत हे शिक्षण हक्क कायद्यानेच सांगितलं आहे, ते सहीपुरते नसतात.

यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर एक माहिती आणि इथे दुसरी. वर्गखोल्या, पट, स्वच्छतागृहं यांचे आकडे आधी जुळवून घ्या, तपासणारा सगळ्यात आधी तेच बघतो.

शेवटच्या दिवशी पोर्टलवर बसणं. सर्व्हर अडकतो, फोटो चढत नाहीत आणि घाईत चुकीच्या मानकाखाली चुकीचा पुरावा जातो. वहीत सगळं तयार असेल तर भरायचं काम एका बैठकीचं आहे, ते मुदतीच्या आठवडाभर आधी करा.

एकाच कार्यक्रमाचे फोटो वेगवेगळ्या मानकांना पुरावा म्हणून लावणं. बाल आनंद मेळाव्याचा फोटो हा व्यावसायिक शिक्षणाचा, पालक सहभागाचा आणि पोषण आहाराचाही पुरावा होऊ शकत नाही.

मुलांचे चेहरे दिसणारे फोटो बेफिकीर टाकणं, विशेषतः दिव्यांग मुलांचे. पालकांना विचारा. रॅम्पचा पुरावा रॅम्पच्या फोटोने होतो.

सुधारणेचा रकाना 'प्रयत्न सुरू आहेत' लिहून सोडणं. शाळासिद्धीत प्रत्येक मानकाला प्राधान्यक्रम लिहायचा होता, आणि बहुतेक फॉर्मवर तो सगळीकडे 'मध्यम' असायचा. माझा आग्रह असा की वर्षाला तीनच गोष्टी निवडा, पुढे कोण करणार आणि कधी हे लिहा, आणि तेच शाळा विकास आराखड्यात उतरवा.

ज्या अधिकाऱ्यावर शाळा चालवायची जबाबदारी आहे त्यानेच तिची श्रेणी ठरवणं. आपल्याच केंद्राला कमी गुण कोण देईल? नव्या धोरणाने मानक प्राधिकरण वेगळं ठेवायला सांगितलं ते याचसाठी. तोवर निदान निर्धारक दुसऱ्या तालुक्यातला असावा.

बाह्यमूल्यांकनात स्तर खाली आला तर

हे होणारच, आणि चांगल्या शाळांचंही होतं. अशा वेळी मुख्याध्यापक गप्प होतात किंवा वाद घालतात, दोन्हींनी काही साधत नाही. निर्धारक शाळेत असतानाच विचारा की नेमकं कोणत्या मानकाला आणि काय दिसलं नाही म्हणून. त्यांच्याकडून ते शेरेबुकात लिहून घ्या, मोघम 'सुधारणेस वाव' नको. तुमच्याकडे खरंच काही होतं आणि ते दाखवायचं राहिलं असेल तर तिथल्या तिथे दाखवा. पावरी शब्दांची ती भिंत मला फॉर्मवर नाही, वर्गाच्या मागच्या बाजूला बसल्यावर दिसली, आणि मी तो स्तर वाढवून लिहिला. जे नव्हतंच ते पुढच्या समिती बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिल्या क्रमांकावर घ्या, ठरावाची प्रत ग्रामपंचायतीला द्या आणि पोच घेऊन आवक-जावक रजिस्टरला नोंद करा. पुढच्या निर्धारकाला शेरेबुकातलं ते पान आणि ठरावाची प्रत आधी दाखवा, मग वर्गात घेऊन जा.